फ्रेंच रेसर-क्रूझर ‘फर्स्ट ४०.७’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दक्षिण इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळ राहतो आणि एप्रिल ते ऑक्टोबर बहुतेक शनिवारी ‘फर्स्ट ४०.७’ या बेनेतो कंपनीच्या एका शीडबोटीवर क्रू म्हणून जातो. बोट माझी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्या मालकीचे आहेत ते फक्त जाड रेनसूट, लाइफजॅकेट आणि एक चाकू. पहिली दोन वर्षं दोर गुंडाळण्यात गेली, मग विंच (दोर ताणायचं फिरतं यंत्र) फिरवण्यात; हल्ली पुढचं मोठं शीड माझ्या ताब्यात असतं. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणाला हे कळलं की ठरलेले प्रश्न येतात. पुण्याला गेलो की काका मंडळी तेच विचारतात. म्हटलं, एकदाची उत्तरं लिहूनच काढू.

रेसर-क्रूझर म्हणजे नेमकं काय?

शनिवारी शर्यत, ऑगस्टमध्ये घरच्यांना घेऊन फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्याला पंधरा दिवस, आणि दोन्हीला बोट एकच.

निव्वळ शर्यतीच्या बोटीच्या पोटात उतरलात तर रिकाम्या टाकीत उतरल्यासारखं वाटतं. शिडांच्या पिशव्या, एक बर्नर आणि संडासाच्या नावाखाली बादली. निव्वळ क्रूझर म्हणजे तरंगता वन-बीएचके. ती वाऱ्याच्या मर्जीनं, तिला वाटेल तेव्हा पोचते. रेसर-क्रूझरचे पाय या दोन्ही दगडांवर. फ्रीज हवा तर वजन वाढतं, वजन वाढलं की वेग जातो. रुंद केबिन हवी तर बोटीचा आकार फुगतो आणि ती वाऱ्याच्या तोंडावर चढायला, म्हणजे समोरच्या वाऱ्यात तिरकं पुढे जायला, कुरकुरते. अशा बोटीची पारख करायची तर तिनं कुठे काय सोडलंय ते बघायचं. ४०.७ नं शर्यतीसाठी आराम सोडलाय, आरामासाठी शर्यत नाही. सुट्टीवर गेलेल्या बायकामुलांना विचारा, तेही हेच सांगतील. जरा वेगळ्या शब्दांत.

बेनेतो ही कंपनी कुठली? एवढ्या बोटी फ्रान्समध्येच का होतात?

बेन्जामिन बेनेतो यांनी १८८४ मध्ये फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, वांदे भागातल्या क्रुआ-द-व्ही इथं लाकडी मासेमारी नौका बांधायला सुरुवात केली. पुढची ऐंशी वर्षं धंदा तोच. १९६० च्या दशकात मच्छीमारांकडून नव्या लाकडी नौकांची मागणी आटली. तेव्हा नात ॲनेट रू आणि तिचा भाऊ आंद्रे बेनेतो यांनी कारखाना फायबरग्लासच्या हौशी बोटींकडे वळवला. ‘फर्स्ट’ हे नाव आलं १९७७ मध्ये, आंद्रे मोरिक यांनी आखलेल्या फर्स्ट ३० बरोबर. १९९५ मध्ये जानो ही शेजारची स्पर्धक कंपनीही बेनेतोनं घेतली.

पण कारखाना असून भागत नाही, गिऱ्हाईकही लागतं, आणि ते तयार केलं एरिक ताबार्ली या माणसानं. १९६४ मध्ये त्यानं एकट्यानं अटलांटिक ओलांडण्याची शर्यत जिंकली. ती शर्यत इंग्रजांनी सुरू केलेली, त्यामुळे फ्रान्समध्ये झालेल्या आनंदाला वेगळी चव होती. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी त्याला लेजियाँ द ऑनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान दिला. आपल्याकडे १९८३ नंतर गल्लोगल्ली क्रिकेटचं जे झालं, ते तिकडे शीडबोटींचं झालं. शिक्षक, डॉक्टर, पोस्टातले कर्मचारी असे सगळे बोट घ्यायला लागले. त्यांना परवडेल अशी, साच्यातून शेकड्यांनी निघणारी आणि तरी शर्यतीत लाज न आणणारी बोट हवी होती.

पण डिझायनर तर फ्रेंच नाही म्हणे?

नाही. ब्रूस फार मूळचे न्यूझीलंडचे, त्यांचं ऑफिस अमेरिकेत ॲनापोलिसला. नव्वदच्या दशकात जगभरच्या मोठ्या शर्यतींत फार यांच्या बोटींचा दबदबा होता. बेनेतोची रीत अशी की पाण्याखालचा आकार, कील (बोटीच्या पोटाखालचा जड पंख), सुकाणू, शिडांचं गणित नामवंत नौका-आरेखकाकडून घ्यायचं आणि आतली सजावट वेगळ्याकडे द्यायची. या बाबतीत कंपनीनं हातही सैल सोडला होता. आधीच्या पिढीतल्या फर्स्ट ३५एस५ ची सजावट फिलिप स्टार्क यांची होती. लिंबू पिळायचं ते तीन पायांचं यंत्र करणारे, तेच स्टार्क. ४०.७ मध्ये तसले लाड नाहीत. आत सरळसाधी लाकडी मांडणी आहे आणि ती वीस वर्षांनंतरही डोळ्याला खुपत नाही.

‘पॉइंट सात’ म्हणजे काय? ४०.७ फूट?

सगळ्यांना तसंच वाटतं. ही बोट प्रत्यक्षात चाळीस फुटांनाही थोडी कमी भरते. त्या काळात फर्स्ट मालिकेत ३१.७, ३६.७, ४४.७, ४७.७ अशा बोटी निघाल्या. सात हा त्या पिढीचा शिक्का. आपल्याकडे आडनाव बघून गाव ओळखतात, तसं इथं दशांशावरून पिढी ओळखायची.

आकडे सांगा.

लांबी १२ मीटरच्या किंचित आत. पाण्याच्या रेषेवर सुमारे १०.६ मीटर. रुंदी पावणेचार मीटरच्या आसपास. वजन रिकामी असताना सात टनांना थोडं कमी. पाण्याखाली बोट जाते ती खोली दोन प्रकारची: उथळ कील असेल तर १.९ मीटर, खोल असेल तर २.४ मीटर. युरोपीय वर्गीकरणात ‘ए’ गट, म्हणजे खुल्या महासागरासाठी. पहिल्या बोटी १९९० च्या दशकाच्या शेवटी पाण्यात उतरल्या.

यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा १०.६ आहे. का, ते पुढच्या उत्तरात.

ती पळते कशामुळे?

पाण्यातून जाणारी बोट पुढे एक लाट उठवते, मागे दुसरी. वेग वाढेल तशी दोन लाटांमधली दरी रुंदावते आणि एका वेगाला बोट त्या दरीत बरोब्बर मावते. त्याहून जास्त पळायचं तर स्वतःच उठवलेल्या पुढच्या लाटेवर चढावं लागतं, आणि सात टनांची बोट ते सहजासहजी करत नाही. हा वेग पाण्याच्या रेषेवरच्या लांबीवर ठरतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ नं गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. ४०.७ साठी ते आठला जरासं कमी, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटरच्या आसपास. कर्वे रस्त्यावरचा तरणाबांड सायकलवाला पुढे निघून जाईल. बोटीवर मात्र हा वेग अंगावर येतो, कारण डेक वीस-पंचवीस अंशांनी कलंडलेला असतो आणि दर तिसऱ्या लाटेला तोंडावर बादलीभर खारं पाणी बसतं.

म्हणून डिझायनरची पहिली धडपड असते ती आहे त्या लांबीत पाण्याची रेषा जास्तीत जास्त ताणण्याची. जुन्या बोटींची पुढची-मागची टोकं पाण्यावर लांबवर झुकलेली असत. दिसायला डौलदार, पण ती लांबी वेगाच्या हिशोबात पुरती धरली जात नसे. ४०.७ चं पुढचं टोक बरंचसं उभं आहे. बाजूनं पाहिलं तर नाक चेपल्यासारखं दिसतं. दुसरी गोष्ट, शरीर सडपातळ. आजच्या बोटींचा मागचा भाग पाटासारखा रुंद असतो, हिचा तसा नाही. त्यामुळे ती कलंडली तरी सुकाणू पाण्यात राहतं आणि एका सुकाणूवर काम भागतं.

तिसरी गोष्ट कील. वारा बाजूनं शिडाला ढकलतो. कील नसती तर बोट कागदाच्या होडीसारखी आडवी वाहवली असती. कील पाण्यात पंखाचं काम करते, बाजूला जाण्याला विरोध करते. शीड आणि कील अशा दोन दाबांमध्ये सापडलेली बोट पुढे सटकते. कलिंगडाची ओली बी चिमटीत दाबून बघा, तसंच. वाऱ्याच्या तोंडावर तिरकं चढणं ही ४०.७ ची खरी ताकद. बारा-चौदा नॉट वारा असेल आणि नऊ माणसं वरच्या कडेला पाय बाहेर सोडून बसली असतील, तर ती अशी काही दात रोवून चढते की सुकाणूवरचा माणूस बोलायचं विसरतो.

वारा पाठीशी असताना मात्र ती बेतास बात. मोठ्या लाटेवरून घसरताना आम्ही क्षणभर अकरा-बारा नॉट पाहिलेत, पण हलक्या नव्या बोटी तो वेग तासन्‌तास टिकवतात.

शिडं कोणती असतात?

मागचं मुख्य शीड, पुढे जेनोआ, आणि पाठीमागून वारा असला की स्पिनेकर हे फुगणारं मोठं शीड. जेनोआ डोलकाठीच्या मागेपर्यंत येते, म्हणून टॅक घेताना, म्हणजे वाऱ्यातून बोट वळवताना, ती सगळी काठीच्या पुढून ओढून दुसरीकडे आणायची. हेच माझं काम. दोर सोडायचा, दुसऱ्या बाजूचा हातावर हात टाकत ओढायचा, विंचवर तीन फेरे, मग हँडल. सगळं साधारण दहा सेकंदांत. एका सेकंदाचा उशीर झाला की उरलेलं शीड वाऱ्यानं भरतं आणि तेवढंच आत ओढायला दोन माणसांना घाम फुटतो.

स्पिनेकर हिला जुन्या पद्धतीचा, दोन्ही बाजू सारख्या असलेला, आणि त्याला आडवा दांडा लागतो. दिशा बदलताना तो दांडा एका बाजूनं काढून दुसरीकडे लावायचा, तोही नाचणाऱ्या बोटीच्या पुढच्या टोकावर उभं राहून. एकदा हे चालू असताना दोर अडकला, शीड पाण्यावर आपटलं आणि बोट इतकी आडवी झाली की सुकाणू हवेत गेलं. खाली ओट्यावर कुणीतरी चहाचा डबा उघडा ठेवला होता. पुढचे दोन महिने बोटीत जिकडे हात घालावा तिकडे चहापत्ती.

डोलकाठीमागच्या तारेचा ताण कमी-जास्त करता येतो. ताणली की काठी किंचित वाकते, मुख्य शीड सपाट होतं आणि पुढची तारही घट्ट बसते. जोराच्या वाऱ्यात सपाट शीड हवं, मंद वाऱ्यात पोट असलेलं. मोटारीचे गिअर असतात ना, तोच प्रकार, फक्त दोरांनी.

किती माणसं लागतात?

शर्यतीला आठ ते दहा. फिरायला दोन पुरतात, दोघांनाही काम येत असेल तर. एवढा फरक का? शर्यतीत माणसं हात म्हणून लागतात तशीच वजन म्हणूनही लागतात. कडेला बसलेली सातशे किलो माणसं बोट सरळ ठेवतात, आणि हे वजन वळलं की आपल्या पायांनी दुसऱ्या कडेला जातं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच काम मिळतं. मानधन म्हणून एक सँडविच.

आत राहता येतं का?

तीन केबिन, दोन मागे आणि एक पुढे. मध्ये बैठक, टेबल, समोर नकाशाचं मेज, आणि एल आकाराचा ओटा. संडास एकच. सहा-सात माणसांना एक संडास आणि तोही हातपंपाचा, एवढं सांगितलं की बरेच जण पुढचं विचारत नाहीत.

मला या बोटीतला ओटा मनापासून आवडतो. शेगडी दोन्ही बाजूंनी खुंट्यांवर टांगलेली आहे. बोट कलंडली की शेगडी झुलते आणि पातेलं पाण्यासारखंच सपाट राहतं. सुरुवातीला डोळ्यांवर विश्वास बसत नाही, कारण तिरपे असतो आपण, आणि तिरपं दिसतं पातेलं. ओट्याच्या एल आकारात कंबर टेकवली की दोन्ही हात मोकळे राहतात. मी या शेगडीवर इंग्लिश खाडीच्या मधोमध पोहे केलेत. फोडणीपर्यंत ठीक होतं. कढीपत्ता तडतडला आणि त्याच वेळी लाट आली. डावा हात अजून साक्ष देतो.

मागच्या केबिनमध्ये कॉकपिटची, म्हणजे वर सुकाणूपाशी बसायच्या जागेची, जमीन बरोबर तुमच्या छातीवर येते. झोपताना आधी पाय, मग बाकीचं शरीर सरकवायचं. रात्रीच्या प्रवासात बंकच्या कडेला कापडी पडदा बांधतात, नाहीतर बोट वळली की माणूस जमिनीवर. रेनसूट वाळत घालायला जागा नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या बोटीला ओल्या मोज्यांचा वास येतो आणि चौथ्या दिवशी तो येईनासा होतो.

उलटत नाही ना? (हा प्रश्न आईचा)

लहानपणी ती बाहुली असायची ना, कितीही आडवी पाडली तरी उभी राहणारी? तेच तत्त्व. अशा बोटींत एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भार कीलमध्ये, सगळ्यात खाली असतो. वाऱ्यानं बोट कलंडते तसा वारा शिडावरून निसटायला लागतो आणि कीलचं वजन तिला परत ओढतं. वर चहापत्तीची गोष्ट सांगितली, त्यात बोट जवळपास नव्वद अंशांपर्यंत गेली होती. दोर सोडला आणि ती आपोआप उभी राहिली.

हे सगळं कील जागेवर आहे तोवर.

म्हणजे? कील निघूही शकते?

यावर गुळमुळीत उत्तर देणं बरोबर नाही. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ नावाची फर्स्ट ४०.७ ॲन्टिग्वाची शर्यत आटोपून साउथॅम्प्टनला परतत होती. वर चार ब्रिटिश खलाशी. अटलांटिकच्या मध्यावर त्यांनी कळवलं की बोटीत पाणी येतंय. मग संपर्क तुटला. अमेरिकी तटरक्षक दलानं शोध थांबवला, लोकांनी आवाज उठवल्यावर पुन्हा सुरू केला. शेवटी अमेरिकी नौदलाच्या जहाजाला ती उलटी तरंगताना सापडली. कील नव्हती. लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा तराफा, बोटीतच होती. चौघेही गेले.

ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी शाखेनं २०१५ मध्ये अहवाल दिला. तो समजायला बांधणी समजली पाहिजे. ४०.७ चं बाहेरचं कवच एका साच्यातून निघतं. आतून त्याला बळ देणारी आडव्या-उभ्या पट्ट्यांची फायबरग्लासची जाळी दुसऱ्या साच्यातून निघते आणि ती कवचात चिकटवतात. इमारतीत स्लॅबखाली बीम असतात, तशी ही जाळी. कीलचे बोल्ट या सगळ्यातून आरपार जातात. ही पद्धत वेगवान आहे, स्वस्त आहे, आणि कितीतरी कारखाने ती वापरतात. गोम अशी की बोट जमिनीला जोरात टेकली तर कीलची मागची कड वर ढकलली जाते आणि तिथला चिकटवलेला भाग सुटू शकतो. तो सुटलाय हे वरून दिसेलच असं नाही. ‘चीकी रफीकी’ पूर्वी जमिनीला टेकली होती आणि तिची दुरुस्तीही झाली होती. त्यानं कीलच्या जोडाची जागा कमकुवत झाली असावी, असा चौकशीचा रोख होता.

माझं मत विचाराल तर बोट वाईट नाही. शेकडो ४०.७ आजही समुद्रात आहेत आणि मी स्वतः दर शनिवारी एकीवर चढतो. पण ‘वाळूला जरासं टेकलं होतं’ हे वाक्य मी आता हसण्यावारी नेत नाही. टेकलं की बोट पाण्याबाहेर काढायची आणि जाणकाराकडून तपासून घ्यायची, ‘हलकंच होतं’ हा युक्तिवाद ऐकायचा नाही.

लहान-मोठ्या बोटी एकाच शर्यतीत कशा धावतात?

प्रत्येक बोटीला एक गुणक देतात. इकडे आयआरसी ही पद्धत चालते. ब्रिटनचा रॉयल ओशन रेसिंग क्लब आणि फ्रेंच संघटना मिळून ती राबवतात. प्रत्यक्ष लागलेला वेळ गुणिले गुणक, आणि ज्याचं उत्तर कमी तो जिंकला. समजा एका बोटीचा गुणक १.०३५ आहे आणि तिनं ३०० मिनिटांत शर्यत संपवली: हिशोबाचा वेळ ३१०.५. दुसरीचा गुणक १.०००, ती आठ मिनिटं उशिरा आली: ३०८. म्हणजे मागून आलेली जिंकली. त्यामुळे शेवटची रेषा ओलांडल्यावर कुणीच लगेच ओरडत नाही; सगळे फोनवर बेरीज-गुणाकार करत बसलेले असतात.

४०.७ आखली गेली तेव्हा आयएमएस ही वेगळी पद्धत जोरात होती आणि फार यांनी तिच्यावर नजर ठेवूनच बोट काढली. परीक्षेचा पॅटर्न बघून अभ्यास करण्यासारखंच ते. फरक एवढाच की पॅटर्न बदलल्यावरही ही मुलगी पास होत राहिली.

मोठं काही जिंकलंय का तिनं?

२००३ ची सिडनी-होबार्ट, ऑस्ट्रेलियातली मोठी शर्यत. मायकेल स्पाइस यांची ‘फर्स्ट नॅशनल रिअल इस्टेट’ ही ४०.७ गुणकाच्या हिशोबात पहिली आली. त्या शर्यतीत कोट्यवधींच्या, खास बांधून घेतलेल्या बोटी असतात. त्यांच्यासमोर कॅटलॉगमधून घेता येणारी, ओटा-टेबलासकटची बोट जिंकते, हे किराणा दुकानातल्या बॅटनं शतक ठोकण्यासारखं.

आता ती जुनी झाली का?

हो, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. दहा माणसं गोळा करणं दरवर्षी अवघड होत चाललंय. शुक्रवारी रात्री हमखास दोघांची मुलं आजारी पडतात. म्हणून फ्रेंचांनी दोन माणसांत चालणाऱ्या छोट्या बोटी काढल्या. २०१३ ची फास्टनेट ही ब्रिटनमधली नावाजलेली शर्यत पास्काल आणि आलेक्सी ल्वाझाँ या बापलेकानं जेपीके १०.१० या फ्रेंच बोटीवर जिंकली. सगळ्या बोटींत मिळून दोघांच्याच क्रूनं ही शर्यत जिंकण्याची ती पहिली वेळ. आमच्या क्लबात त्या दिवशी जी शांतता होती, ती मला दुसऱ्यांनी सांगितलेली आहे, पण मी मनात पाहिली आहे. २०१९ मध्ये जानोची सन फास्ट ३३०० आली. दहा मीटरच्या आत, मागे रुंद, दोन सुकाणू, चाकाऐवजी हातात धरायचा दांडा.

‘फर्स्ट’ या नावाचा अर्थही बदललाय. बेनेतोनं स्लोव्हेनियातली सीस्केप ही कंपनी घेतली आणि फर्स्ट ३६ ही हलकी बोट तिथंच बनते. म्हणजे आता फर्स्ट फ्रेंच आहे की नाही, यावरच क्लबात वाद घालता येतो, आणि पाऊस असला की घातला जातो.

सेकंडहँड घेताना काय बघायचं?

इंजिन, शिडं, गाद्या हे सगळं बदलता येतं. त्यावर भाव पाडा आणि पुढे चला. वेळ घालवायचा तो पोटात. फरशीच्या फळ्या काढा. टॉर्च आडवा धरून आतल्या जाळीच्या कोपऱ्यांवर, विशेषतः कीलच्या मागच्या बोल्टाभोवती, केसासारख्या भेगा शोधा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. भिंतीवर टाइल पोकळ बसली असेल तर जसा आवाज येतो, तसा इथंही येतो, आणि आला की मालकाच्या चेहऱ्याकडे बघा. नवा रंग दिसला तर आनंद मानू नका, तो का लावला ते विचारा. बोट बाहेर काढलेली असेल तर कील आणि कवच यांच्या जोडाजवळ पुढून फट दिसते का, गंजाचा ओघळ आहे का, ते पाहा. मग पैसे देऊन स्वतःचा सर्व्हेअर आणा. विकणाऱ्यानं सुचवलेला नको. आम्ही एका मित्रासाठी बोट बघायला गेलो होतो, तेव्हा विकणाऱ्याचाच सर्व्हेअर भेटला. त्याला सगळंच छान दिसत होतं, आणि आम्हाला फरशीखाली पाव लिटर गंजाचं पाणी.

सेकंडहँड बोटीची किंमत ऐकून लोक खूश होतात. मरिनाचं, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या धक्क्याचं, भाडं मीटरवर, बोट बाहेर काढण्याचा खर्च मीटरवर, तळाचा रंग दरवर्षी. किमतीच्या दहा टक्के दर साली बाजूला काढा, असा इथला ठोकताळा आहे, आणि तो कमीच पडतो.

मुंबईत आणता येईल का?

अपोलो बंदरावरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, म्हणजे शीडबोटींची सवय मुंबईला बेनेतोच्या जन्माआधीपासूनची. पण गेटवेसमोर बोटी मुरिंगवर, म्हणजे तळाशी बांधलेल्या दोरावर, झुलतात, मरिना नाही. उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं, खाली चिखल. २.४ मीटर खोल कील घेऊन तिथं वावरायचं तर डोळे भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ठेवावे लागतील. उथळ कीलची बोट त्यापेक्षा बरी. जून ते सप्टेंबर बोट बाहेर काढून ठेवावीच लागते, आणि सात टनांची कीलबोट उचलणं हे डिंगी, म्हणजे छोटी होडी, ओढून वाळूवर ठेवण्याइतकं सोपं नाही. हवा मात्र फर्स्टला मानवेल. हिवाळ्यात दुपारी खारा वारा उठतो, तो जेनोआला अगदी हवा तसा.

आणि जग फिरायचं मनात असेल तर ४०.७ कडे बघूच नका. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, ती ५६ फुटी बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली. तिचा आराखडा डच. भारी, दणकट, घाई नसलेली बोट. दक्षिण महासागरात तीच जात लागते.

आम्हाला एकदा नेशील का?

नेईन. पांढऱ्या किंवा फिक्या तळव्याचे बूट घाला, काळ्याचे डाग डेकवर उमटतात. चाकांची बॅग नको, ती ठेवायला बोटीत कोपराच नाही. घडी होणारी पिशवी आणा. मळमळीची गोळी निघायच्या तासभर आधी, बोटीवर चढल्यावर नाही. केळी आणू नका, आमचा कप्तान ती बोटीवर येऊ देत नाही, कारण विचारलं तर चिडतो. कांदा घरूनच चिरून आणा. पोहे मी करतो.